बिलिगुंडलू येथील मोजणी

कर्नाटकाच्या डोंगराळ मुलखातून अरुंद घळीने वाहत आलेली कावेरी मेकेदाटूच्या खाली तामिळनाडूच्या सीमेला लागते. तेथून पुढे होगेनक्कलचे धबधबे आणि त्यानंतर १९३४ साली पूर्ण झालेले मेट्टूरचे धरण. मेकेदाटू व होगेनक्कल यांच्या दरम्यान बिलिगुंडलू येथे केंद्रीय जल आयोगाचे मोजणी केंद्र आहे. कावेरी जलविवाद लवादाने २००७ मध्ये दिलेल्या निवाड्यानुसार तामिळनाडूला वर्षाकाठी १९२ अब्ज घनफूट पाणी या ठिकाणी मिळावयाचे होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तो आकडा १७७.२५ वर आणला. दोन राज्यांचा हिशेब ज्या आकड्यावर चालतो, तो मिळतो तरी कसा?

नदीवर प्रत्यक्ष वाचता येते ती केवळ पाण्याची पातळी. काठावर रोवलेल्या, खुणा केलेल्या पट्टीवरून ती ठरावीक वेळी नोंदली जाते. पुराच्या दिवसांत ती तासातासाला पाहावी लागते. परंतु पातळी म्हणजे विसर्ग नव्हे. विसर्ग काढण्यासाठी पात्राचा आडवा छेद घेऊन त्याचे उभे भाग पाडतात आणि प्रत्येक भागात खोली व वेग मोजतात. वेगासाठी फिरत्या वाट्यांचे यंत्र पाण्यात सोडतात. पृष्ठभागावर पाणी जलद आणि तळाशी संथ वाहते. म्हणून यंत्र पृष्ठभागापासून सहादशांश खोलीवर धरले असता जो वेग मिळतो, तो त्या उभ्या रेषेतील सरासरी वेगाच्या जवळपास असतो. पाणी खोल असेल तर दोनदशांश व आठदशांश खोलीवरील वेगांची सरासरी घेतात. प्रत्येक भागाचे क्षेत्रफळ व वेग यांचा गुणाकार करून बेरीज केली की विसर्ग हाती येतो.

एवढा खटाटोप घटकेघटकेला करणे अशक्य आहे. म्हणून निरनिराळ्या पातळ्यांना घेतलेल्या मोजण्यांवरून पातळी आणि विसर्ग यांचा आलेख तयार करतात व एरवी पातळी वाचून त्यावरून विसर्ग काढतात. खरी मेख येथेच आहे. पूर गाळ आणून टाकतो किंवा तळ खरवडून नेतो, आणि कालचा आलेख आज लागू पडेनासा होतो. शिवाय एकाच पातळीला चढत्या पुरात विसर्ग अधिक व उतरत्या पुरात कमी असतो. म्हणून मोजणी पुनःपुन्हा करावी लागते. आकड्यात पाच टक्क्यांची चूक ही नदीमोजणीत फारशी मोठी मानली जात नाही, परंतु १७७.२५ अब्जांवर तीच चूक जवळजवळ नऊ अब्ज घनफूट होते.

दुसरी गोष्ट अशी की, येथे मोजले जाणारे सारे पाणी कृष्णराजसागर व कबिनी या धरणांतून सोडलेले नसते. शिंशा आणि अर्कावती वाटेतच कावेरीला मिळतात. सोडलेले पाणी आणि पोहोचलेले पाणी यांत म्हणूनच अंतर पडते, व त्यावरून वाद होतात.

२०२३ च्या अपुऱ्या पावसात हा प्रश्न तीव्र झाला. ऑगस्टच्या अखेरीस कावेरी जल व्यवस्थापन प्राधिकरणाने पंधरा दिवस ५,००० क्यूसेक पाणी देण्याचा आदेश दिला. एक अब्ज घनफूट म्हणजे दिवसभर ११,५७४ क्यूसेक. त्या हिशेबाने हे पाणी सुमारे साडेसहा अब्ज घनफूट भरते. टंचाईत पात्रातील पाणी उथळ होते, आणि तेव्हा पट्टीवरील बोटभर फरकही विसर्गात बराच फरक दाखवितो.