व्हिडिओ किती फ्रेमवर शूट करायचा? २४, २५, ३० की ६०?



दुकान आवरलं, माल मांडला, व्हिडिओ शूट केला. घरी जाऊन बघितलं तर मागचे लाइट लुकलुकतायत आणि साड्यांवरून काळे पट्टे सरकतायत! माझ्या सुरुवातीच्या एका शूटचं हेच झालं होतं. अख्खा दिवस वाया गेला. कॅमेरा चांगला होता, चूक सेटिंगची होती.

फ्रेम रेट म्हणजे कॅमेरा एका सेकंदात किती चित्रं टिपतो ते. सिनेमा साधारणपणे २४ वर, आपल्याकडचा टीव्ही २५ वर, आणि मोबाइल बहुतेक वेळा ३० वर सेट असतो.

आता गंमत बघा. आपली वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे साध्या ट्यूबचा किंवा स्वस्त एलईडीचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्यांना कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. ३० फ्रेम आणि शटर १/६० असेल, तर प्रत्येक फ्रेमला सारखा उजेड मिळत नाही. २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवलं, की प्रत्येक फ्रेममध्ये उजेडाचे बरोबर दोन ठोके बसतात. लुकलुक बंद!

मग निवडायचं कसं?

१. दुकानात, वर्कशॉपमध्ये, लाइटखाली: २५ फ्रेम, शटर १/५०. आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये 'शो पॅल फॉरमॅट्स' सुरू केलं की २५ चा पर्याय दिसतो.

२. मोबाइलमध्ये २५ नसेलच तर: ३० चालेल. फक्त प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० वर लॉक करा.

३. स्लो मोशन हवं असेल तर: ५० फ्रेम, शटर १/१००. एडिटिंगमध्ये २५ च्या टाइमलाइनवर अर्ध्या वेगाने चालवा. मसाला पडताना मस्त दिसतो!

४. बाहेर उन्हात: लाइटचा प्रश्नच नाही. २५ किंवा ३०, काहीही घ्या.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. ज्या रेटवर शूट केलं, त्याच रेटवर एडिट आणि एक्सपोर्ट करा. यूट्यूबचा सल्लाही हाच आहे. २५ चं ३० करायला गेलात, तर सॉफ्टवेअर साधारणपणे सेकंदाला पाच फ्रेम दोनदा दाखवतं आणि कॅमेरा फिरताना झटके बसतात. दोन मोबाइलवर शूट करत असाल, तर दोन्हींचा रेट आधीच सारखा करा.

आजचा गृहपाठ: तुमच्याच दुकानात, तुमच्याच लाइटखाली दहा-दहा सेकंदांच्या दोन क्लिप घ्या, एक ३० वर, एक २५ वर. मोठ्या स्क्रीनवर बघा. ग्राहकाला बोलावण्याआधी ही दोन मिनिटं द्या, पुढचा दिवस वाचेल.