बाळाच्या पायातला टॅग: हॉस्पिटलला काय विकायचं आणि काय नाही



मागच्या बॅचमधल्या परतूरच्या एका मुलाने मला विचारलं, "सर, हॉस्पिटलमध्ये बाळाला इलेक्ट्रॉनिक टॅग लावतात ना, त्याची डीलरशिप घेऊ का? मार्जिन चांगलंय म्हणे." व्हिडिओत मी पाच मिनिटांत उत्तर दिलं, पण ते अर्धवटच होतं. माझं स्वतःचं दुकान सीसीटीव्ही आणि बायोमेट्रिक हजेरीचं आहे, आणि या टॅगच्या बाबतीत मी एकदा चांगलाच तोंडावर पडता पडता वाचलोय. म्हणून आज सविस्तर लिहितोय. जरा निवांत वाचा.

आधी गरज समजून घेऊ. जानेवारी २०२५ मध्ये नाशिकच्या जिल्हा रुग्णालयातून पाच दिवसांचं बाळ एका बाईने पळवलं. तिने आधी आईशी ओळख वाढवली, विश्वास कमावला, आणि सुट्टी मिळायच्या दिवशी बाळ हातात घेऊन निघून गेली. पोलिसांनी काही तासांत बाळ परत आणलं. त्याच रुग्णालयात तीन महिने आधी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, वेगळीच तक्रार झाली होती: आधी मुलगा झाल्याचं सांगितलं आणि घरी जाताना हातात मुलगी दिली, असं घरच्यांचं म्हणणं. अदलाबदलीचा आरोप झाला. मुंबईत तर जानेवारी २००९ मध्ये सायनच्या महापालिका रुग्णालयातून चार दिवसांचं बाळ चोरीला गेलं आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत पोचलं.

यात दोन वेगळे प्रॉब्लेम आहेत, ते एकत्र करू नका. एक चोरी, दुसरा ओळखीचा घोळ. घोळ खरा असो की नुसती नोंद चुकलेली असो, आईच्या मनात शंका शिरली की ती आयुष्यभर जात नाही. चोरीसाठी दरवाज्यावर बोलणारी वस्तू लागते. घोळासाठी आई आणि बाळ यांची जोडी जुळवणारी वस्तू लागते, आणि ती कितीतरी स्वस्त असते.

मी कॅमेरे विकतो, तरी खरं सांगतो: कॅमेरा चोर पकडायला मदत करतो, चोरी थांबवत नाही. बाई बाळ घेऊन जिना उतरत असते तेव्हा स्क्रीनसमोर कुणीच बसलेलं नसतं. फुटेज आपण नंतर बघतो. टॅग मात्र त्याच क्षणी ओरडतो. निदान ओरडायला पाहिजे.

आता माझी गोष्ट. आपल्याच भागातल्या एका प्रसूतिगृहाच्या मॅडमने मला सिस्टीम बसवायला सांगितली. नाव सांगत नाही. चाळीस हजार ॲडव्हान्सही दिला. मी एका ऑनलाइन सप्लायरकडून पॅसिव्ह यूएचएफ टॅगचे पट्टे आणि दरवाज्याचा रीडर मागवला. पॅसिव्ह म्हणजे टॅगमध्ये बॅटरी नसते. रीडरच्या लहरींवरच तो जागा होतो आणि आपला नंबर सांगतो. हाच प्रकार कपड्यांच्या शोरूममध्ये आणि गाडीच्या फास्टॅगमध्ये वापरतात. दुकानात चाचणी घेतली. पुठ्ठ्याच्या खोक्यावर टॅग लावला, बीप वाजला. मुलीची बाहुली घेतली, पायात पट्टा बांधला, दारातून गेलो, बीप वाजला. म्हटलं झालं, उद्या बसवू.

रात्री दुकान बंद करताना सहज पट्टा स्वतःच्या मनगटात घातला, हात शालीत गुंडाळून पोटाशी धरला आणि दारातून गेलो. काहीच नाही. परत गेलो. काहीच नाही. तिसऱ्यांदा हळू चाललो, तरी काही नाही.

कारण साधं आहे. बाहुली प्लास्टिकची असते. नवजात बाळाच्या शरीरात साधारण ७५ टक्के पाणी असतं, आणि यूएचएफ लहरी पाणी शोषून घेतं. बाळ छातीशी धरलं, वरून शाल घेतली, की टॅग दोन शरीरांच्या मध्ये दबतो आणि रीडरला तो दिसतच नाही. चोर बाळाला नेमकं असंच धरणार ना? हातात उंच धरून कोण नेईल?

दुसऱ्या दिवशी मॅडमना जाऊन खरं सांगितलं आणि ॲडव्हान्स परत केला. सप्लायरने माल परत घेतला नाही. तो रीडर अजून माझ्या माळ्यावर आहे. पण विचार करा, मी ते बसवलं असतं तर मॅडमनी दारावरचा वॉचमन कमी केला असता. "आता मशीन आहे ना!" म्हणजे मी सुरक्षा वाढवली नसती, उलट होती ती काढून घेतली असती.

मग चालतं काय? बाळासाठी बनवलेल्या सिस्टीममध्ये ॲक्टिव्ह टॅग असतो. त्यात छोटी बॅटरी असते आणि तो दर काही सेकंदांनी स्वतःहून "मी इथे आहे" असा सिग्नल देतो. सिग्नल यायचा थांबला तरी अलार्म होतो. ही गोष्ट महत्त्वाची आहे: पॅसिव्ह टॅग गप्प राहिला तर सिस्टीमला वाटतं सगळं ठीक आहे, ॲक्टिव्ह टॅग गप्प राहिला तर सिस्टीम घाबरते. चांगल्या टॅगच्या पट्ट्यात वीजवाहक तार किंवा थर असतो. पट्टा कापला की सर्किट तुटतं आणि अलार्म वाजतो. काही सिस्टीममध्ये दरवाज्यापाशी १२५ किलोहर्ट्झचं कमी फ्रिक्वेन्सीचं क्षेत्र तयार करतात. ते शरीरातून बऱ्यापैकी आरपार जातं आणि टॅगला कळवतं की तू दारात आलायस. ब्लूटूथचे टॅग स्वस्त पडतात, पण पातळ भिंतीपलीकडचं बाळ ते कधी अलीकडच्या खोलीत दाखवतात. डेमो घेताना बाहुली वापरू नका. पाण्याची भरलेली बाटली घ्या, त्याला टॅग बांधा, पोटाशी धरा, वरून जाड शाल घ्या, आणि वीस वेळा दारातून जा. विसातून एकदा जरी चुकला तर माल परत.

आता पट्टा. हे कुठल्याच ब्रोशरमध्ये ठळक लिहिलेलं नसतं. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन घटतं, पाच ते सात टक्के घट अगदी नॉर्मल आहे. तीन किलोचं बाळ असेल तर दोनशे ग्रॅमच्या आसपास. पहिल्या दिवशी नीट बसलेला पट्टा तिसऱ्या दिवशी ढिला होतो. त्यात आपल्याकडे तेल लावून मालिश. पट्टा घसरून दुपट्यात पडतो, अलार्म वाजतो, सिस्टर वैतागतात. घट्ट बांधला तर पायावर वळ उठतो आणि आजी भांडायला येते. म्हणून प्रत्येक शिफ्टला एकदा पट्टा तपासून बसवणं हे काम सिस्टरच्या रोजच्या कागदावर लिहून घ्यायचं. आणि आजीला पहिल्याच दिवशी समजवायचं. "लेकराला करंट लागतो का?" हा प्रश्न येणारच. काळ्या दोऱ्याच्या पायात टॅग नको म्हणाली तर दुसऱ्या पायात बांधा, वाद घालू नका.

आता परत नाशिककडे चला. तिथला प्रकार सुट्टीच्या दिवशी झाला हे लक्षात घ्या. बहुतेक ठिकाणी डिस्चार्जचा कागद झाला की सकाळीच खाटेवर टॅग कापून घेतात. बिल भरायला, औषधं घ्यायला, गाडी यायला मग दोन-तीन तास जातात. नवरा खाली काउंटरवर, सासू पिशव्या भरतेय, बाळंतीण थकलेली, आणि बाळ कुणातरी "ताईंच्या" मांडीवर. त्या दोन-तीन तासांत लाखोंची सिस्टीम मुकी असते. म्हणून माझा नियम ठरलेला आहे: टॅग खाटेवर काढायचा नाही. शेवटच्या दरवाज्यावर, आईच्या मनगटावरचा नंबर आणि बाळाच्या पायातला नंबर जुळवून, आई समोर असतानाच काढायचा. ही एक ओळ हॉस्पिटलने मान्य केली नाही तर मी कोटेशन देत नाही.

दरवाज्याचं कुलूप हा दुसरा नाजूक विषय. टॅग जवळ आला की दार आपोआप बंद व्हावं अशी मागणी डॉक्टर करतात. ऐकायला छान वाटतं. पण ९ जानेवारी २०२१ ची पहाट आठवा. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागली आणि १० बाळं गेली. तिथे कुलपाचा प्रश्न होता असं मी म्हणत नाही. पण बाळांच्या वॉर्डात आग लागते हे आपण महाराष्ट्रात पाहिलेलं आहे, त्यामुळे फायर अलार्म वाजला की आपलं कुलूप त्याच क्षणी उघडलंच पाहिजे. चुंबकी कुलूप वीज गेली की उघडतं, हे आगीच्या वेळी बरं. पण आपल्याकडे लाइट किती वेळा जाते ते मी जालनेकरांना काय सांगू! म्हणजे बॅटरी बॅकअप पाहिजे, आणि फायर पॅनलची जोडणी त्या बॅकअपलाही तोडणारी पाहिजे. हे काम येत नसेल तर कुलूप विकू नका. नुसता भोंगा आणि दिवा लावा आणि दारात माणूस ठेवायला सांगा.

भोंगा वाजल्यावर कोण काय करणार, हे ठरलेलं नसेल तर सगळं वाया. परदेशात बाळचोरीच्या इशाऱ्याला "कोड पिंक" म्हणतात. आपण नाव काहीही ठेवू, पण एक सिस्टर बाळं मोजेल, एक मावशी जिन्यावर उभी राहील, वॉचमन मेन गेट सोडणार नाही, आणि मागच्या कॅन्टीनच्या दाराकडे कोण जाईल हे नावासकट भिंतीवर पाहिजे. महिन्यातून एकदा रंगीत तालीम घ्या, आणि तीही रात्रपाळीत. दिवसा सगळेच हुशार असतात. खोटे अलार्म जास्त झाले की स्टाफ काय करतो माहितीये? भोंग्याची वायर काढून ठेवतो. मी असं एका ठिकाणी डोळ्यांनी पाहिलंय. सोनोग्राफीला किंवा एनआयसीयूत न्यायच्या बाळासाठी सिस्टरच्या कार्डाने परवानगी देता आली पाहिजे, म्हणजे वायर काढायची वेळ येत नाही.

चला, आता धंद्याचं गणित. नवीन माणूस इथे हमखास चुकतो. डॉक्टर म्हणतात, "महिन्याला शंभर डिलिव्हरी होतात," आणि हा शंभर टॅगचं कोटेशन देतो. अहो, टॅग परत वापरतात! समजा ६० नॉर्मल, त्या सरासरी २ दिवस राहतात: १२० दिवस. ४० सिझेरियन, त्या ५ दिवस: २०० दिवस. एकूण ३२० भागिले ३०, म्हणजे एका वेळी सरासरी ११ बाळं. गर्दीचे दिवस, निर्जंतुक करायला ठेवलेले टॅग, बॅटरी संपलेले, असे धरून १८ टॅग पुरतात. शंभरचं कोटेशन बघून डॉक्टर एकतर पळतात किंवा घेतात आणि वर्षभराने तुमच्या नावाने बोटं मोडतात.

पट्टे मात्र एकदाच वापरायचे, ते महिन्याला शंभर लागणारच. तुमचा रोजचा घास तिथे आहे: पट्टे, बॅटरी, वार्षिक देखभाल, आणि नव्या सिस्टरचं ट्रेनिंग. स्टाफ बदलत राहतो, त्यामुळे ट्रेनिंग फुकट देऊ नका. आणि देखभालीचा करार करताना रात्री दोनला फोन आला तर तुम्ही किती वेळात पोचणार ते लिहून द्या. भोकरदनला सिस्टीम बसवून तुम्ही मंठ्यात राहत असाल तर हो म्हणण्याआधी विचार करा.

आणि आठ-दहा खाटांचं हॉस्पिटल असेल, एकच जिना, एकच दार? तिथे मी ही सिस्टीम विकत नाही. तिथे छापील पट्ट्यांची जोडी विकतो. एकच नंबर आईच्या मनगटावर आणि बाळाच्या पायात, लेबर रूममधून बाहेर पडायच्या आधीच बांधलेला. त्यासाठी छोटा थर्मल प्रिंटर, बारकोड, दारावर एक चांगला कॅमेरा आणि भेटायला येणाऱ्यांना पास. मार्जिन कमी आहे, पण अशी हॉस्पिटलं प्रत्येक तालुक्यात आहेत, आणि अदलाबदलीचा प्रश्न एवढ्यावरच बराचसा सुटतो.

कागदपत्रांचं थोडक्यात. वायरलेस माल घेताना सप्लायरकडे दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची ईटीए मंजुरी मागा. यूएचएफचा काही माल आणत असाल तर भारताचा पट्टा ८६५ मेगाहर्ट्झपासून सुरू होतो. अमेरिकेसाठी बनवलेले ९०२ ते ९२८ वाले रीडर इथे चालत नाहीत, पण ऑनलाइन बिनधास्त विकले जातात. माझ्या माळ्यावरचा त्यातलाच निघाला, ते नंतर कळलं. आई-बाळाची माहिती सॉफ्टवेअरमध्ये जाते, म्हणून २०२३ चा डेटा संरक्षण कायदाही डोळ्याखालून घाला. मी सॉफ्टवेअरमध्ये नाव टाकतच नाही, फक्त नंबर. नाव हॉस्पिटलच्या रजिस्टरमध्ये राहतं.

शेवटी विक्रीबद्दल. १५ एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातल्या बाल तस्करीच्या प्रकरणात सांगितलं की एखाद्या हॉस्पिटलमधून नवजात बाळाची तस्करी झाली तर इतर कायदेशीर कारवाईसोबत त्या हॉस्पिटलचं लायसन्स तातडीने निलंबित व्हावं. तेव्हापासून काही विक्रेते डॉक्टरांच्या टेबलावर त्या बातमीचं कात्रण ठेवून घाबरवतात. घाबरलेला डॉक्टर चेक लवकर देतो, हे खरं आहे. पण तो दारावर काय चाललंय ते बघायला उठत नाही. मी कात्रण नेत नाही. मी मॅडमना म्हणतो, तुमच्या वॉर्डातून पाण्याची बाटली शालीत गुंडाळून मी आत्ता बाहेर नेऊन दाखवतो, कुणी विचारतं का बघू. आजवर चार ठिकाणी करून पाहिलं. एकाच ठिकाणी एका मावशीने अडवलं, आणि तिथे मी फक्त प्रिंटर आणि पट्टे विकले.