आपला पाझर तलाव : उपयोग आणि तब्येत
(इयत्ता सातवी, परिसर अभ्यास)

मित्रांनो, आणि हा कागद वाचायला थांबलेल्या पालकांनो,

गावाच्या वरच्या अंगाला जे पाणी दिसते त्याला आपण सगळे 'तळं' म्हणतो. सरकारी कागदात त्याचे नाव 'पाझर तलाव' असे आहे, आणि ते नाव बरोबर आहे. त्याला कालवा नाही, दार नाही. पावसाचे पाणी अडते, जमिनीत मुरते आणि खालच्या विहिरींना पाझरते. म्हणून फेब्रुवारीत तळ्याचा तळ दिसू लागला की काहीजण म्हणतात, "तळं गळकं आहे, काय उपयोग?" पण ते पाणी वाया गेलेले नसते. तळ्याच्या खालच्या विहिरींत तेव्हाही पाणी असते आणि तळ्याच्या वरच्या माळावरच्या विहिरी कोरड्या पडलेल्या असतात. यावरून काय ते समजावे.

बाकीचे उपयोग तुम्हाला ठाऊक आहेत. गुरांना पाणी, पोळ्याला बैल धुणे, मासे, आणि उन्हाळ्यात शेतात टाकायला गाळ. २०१७ साली सरकारने 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना काढली. गाळ काढला तर तळ्यात पाणी जास्त मावते आणि हलक्या रानाला चांगली माती मिळते. फक्त गाळ भरावाच्या अगदी पायाशी खणायचा नसतो. तिथे खड्डा केला तर भिंतीचा आधारच जातो.

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात ठिकठिकाणी अशी कामे निघाली. लोकांना मजुरी मिळावी आणि पाणीही अडावे, असा दुहेरी हेतू होता. आपले तळे त्याच वेळचे. "मिलोची भाकर खायची, पोरांना सुकडी द्यायची अन् दिवसभर डोक्यावर पाट्या वाहायच्या," असे आमच्या वर्गातल्या एकीची आजी सांगते. मिलो म्हणजे परदेशातून आलेली तांबडी ज्वारी. म्हणजे ज्या मातीवर आज आपण शेरडे चारतो ती आपल्याच आज्या-पणज्यांनी वाहिलेली आहे. त्याला आता पन्नासहून जास्त वर्षे झाली.

नुसता मातीचा ढीग म्हणजे धरण नव्हे, बरे का! मधे काळ्या चिकण मातीचा गाभा असतो, तो पाणी धरतो. दोन्ही बाजूंनी मुरमाचे आवरण असते, ते गाभ्याला आधार देते. माती वीतभर जाडीच्या थरांनी टाकतात, पाणी मारतात, दाबतात, मग पुढचा थर. पाण्याकडच्या उतारावर दगड रचतात, त्याला पिचिंग म्हणतात. लाटांनी माती धुऊन जाऊ नये म्हणून ते असते. (घराच्या जोत्याला वा गोठ्याला तिथले दगड कोणी नेत असेल तर तो भिंतीची कातडीच सोलतो आहे.) पायथ्याला दगडांचा निचरा असतो. आणि एका टोकाला सांडवा.

आता एक प्रश्न. तळे लांबवर पसरले तर भिंतीवर भार जास्त येतो का? वर्गात बहुतेकांनी हो म्हटले. पण तसे नाही. भार पाण्याच्या खोलीवर असतो, लांबीवर नाही. एक घनमीटर पाणी म्हणजे हजार लिटर, म्हणजे एक टन. वीस फूट म्हणजे सुमारे सहा मीटर खोल पाण्याच्या तळाशी, दर चौरस मीटरला सहा टन दाब असतो. म्हणून भिंत खाली रुंद आणि वर अरुंद बांधतात.

मातीचे धरण मुख्यतः दोन वाटांनी फुटते. एक, पाणी वरून वाहते. दोन, पाणी आतून माती पोखरते.

आतले पोखरणे दिसत नाही म्हणून ते फसवे. प्रत्येक मातीचे धरण थोडे पाझरतेच, त्यात भिण्यासारखे काही नाही. भ्यायचे ते गढूळ पाण्याला. पाणी गढूळ आले म्हणजे ते आतली माती घेऊन येत आहे. माती गेली की भोक मोठे, भोक मोठे की पाणी जोरात, पाणी जोरात की माती आणखी जास्त. काही वेळा हे काही तासांत होते. आम्ही पायथ्याच्या दोन ओल्या जागी काचेच्या बाटल्या भरल्या आणि रात्रभर वर्गात ठेवल्या. दोन्हींच्या तळाशी गाळ बसला नाही. ही चांगली बातमी आहे. पण ही तपासणी तळे भरलेले असताना पुन्हा करावी लागेल, कारण तेव्हा दाब जास्त असतो.

पोखरायला सुरुवात करून देणारे बरेच आहेत. घुशी, उंदीर, खेकडे. मोठी झाडेसुद्धा. बाभळीचे मूळ वाळले, कुजले की त्या जागी नळीसारखी पोकळी उरते. म्हणून भरावावर हरळी असावी, झाड नको. आपल्या भरावावर वेड्या बाभळी आहेत. त्या नुसत्या वरून तोडून भागणार नाही, मुळासकट काढून खड्डा चिकण मातीने थर देऊन ठोकून भरावा लागेल.

२ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले. भेंदवाडी वाहून गेली, वीसच्या आसपास माणसे गेली. गावकऱ्यांनी गळतीची तक्रार आधीच केली होती. पुढे एका मंत्र्यांनी खेकड्यांना दोष दिला, त्यावर पुष्कळ चर्चा झाली. खेकडे बिळे करतात हे खरे. पण बीळ बुजवणे हे खेकड्याचे काम नाही, ते माणसाचे.

त्याच्या कितीतरी आधी, १२ जुलै १९६१ ला, पानशेत फुटले. ते तर नवे, अजून काम पुरे न झालेले धरण होते. पोटातल्या मोरीवरचा भराव खचत गेला. जवानांनी वाळूची पोती रचून पाणी थोपवले, तरी शेवटी ते फुटलेच, त्या पाण्याने खालचे खडकवासला धरणही फुटले आणि पुण्यात हाहाकार झाला. आणि ११ ऑगस्ट १९७९ ला गुजरातेत मोरबीच्या वर मच्छू धरणाचे पाणी सांडव्यात मावेना, ते बाजूच्या मातीच्या भरावावरून गेले. मातीवरून पाणी वाहू लागले की माती टिकत नाही. दगडी भिंतीवरून पाणी जाऊ शकते, मातीवरून नाही.

म्हणूनच सांडवा हा धरणाचा जीव आहे. आता आपल्या सांडव्याचे सांगतो. हे नीट वाचा.

गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी घेऊन आम्ही गुरुजींबरोबर मोजणी केली. सांडव्याच्या माथ्यापेक्षा भरावाचा माथा पाच फूट उंच आहे. ही उंची मोकळीच राहायला हवी. पण जिथून बैलगाड्या आणि ट्रॅक्टर भरावावर चढतात तिथे चाकोरी पडून माथा दीड फूट खाली गेला आहे. पाणी सगळ्यांत खालची जागा शोधते, म्हणून पाच फूट धरायचे नाहीत, साडेतीन धरायचे. सांडव्याच्या बाजूच्या दगडावर जुन्या मोठ्या पुराची खूण आहे, ती अडीच फुटांवर आहे. म्हणजे तसाच पूर आला तर एक फूट शिल्लक राहतो. इथपर्यंत ठीक.

पण सांडव्यावर दोन फूट उंच पोती रचलेली आहेत. दिवाळीनंतर पाणी जास्त दिवस राहावे म्हणून ती रचतात. रचणाऱ्यांचा हेतू वाईट नाही, त्या पाण्यावर त्यांचा हरभरा येतो. पावसाळा संपल्यावर रचून उन्हाळ्यात काढली तर फारसे बिघडणारही नाही. पण ती काढली जात नाहीत, आता त्यांवर गवत उगवले आहे. साडेतीनातून दोन वजा केले की दीड उरतात. पूर अडीच फुटांचा. म्हणजे चाकोरीच्या जागी पाणी मातीवरून एक फूट जाईल. आणि चाकोरीच्या बरोबर खाली वस्ती आहे. आमच्या वर्गातली पाच मुले तिथून येतात. पुरात पोती आपोआप वाहून जातील असे कोणी म्हणेल, पण भिजून घट्ट बसलेली पोती केव्हा हलतील याचा भरवसा नाही.

देशात २०२१ साली धरण सुरक्षा कायदा झाला. तो पंधरा मीटरपेक्षा उंच धरणांना, आणि काही अटींवर दहा मीटरच्या पुढच्या धरणांना लागू आहे. आपला भराव आठ मीटरही नाही. त्यामुळे या कायद्याने ठरवलेली तपासणी आपल्या तळ्याला लागू नाही. मग पाहायचे कोणी? आम्ही असे ठरवले आहे की जून ते ऑक्टोबर दर शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर दोन मुले आणि एक मोठे माणूस भरावाच्या खालून चालत जातील. नवी ओल, गढूळ पाणी, भेग, खचलेली जागा, नवे बीळ, यांची वहीत नोंद होईल. गढूळ पाणी दिसले तर वही नंतर, आधी वस्तीत जाऊन सांगायचे आणि सरपंचांना फोन करायचा. पाणी जोरात असताना भरावावर कोणी जायचे नाही, पाहायलासुद्धा नाही.

चाकोरी भरायला मुरूम आणि चिकण माती लागेल, थर देऊन दाबावी लागेल. नुसती टोपल्यांनी टाकली तर पहिल्या पावसात धुऊन जाईल. पोती काढायला मात्र पैसा लागत नाही, दहा माणसे आणि एक सकाळ पुरे. १ मेच्या ग्रामसभेत हे दोन्ही विषय घ्यावेत असा अर्ज वर्गाने ग्रामपंचायतीत दिला आहे. अर्जाची नक्कल आणि मोजणीचा कागद या लेखाच्या खाली टाचणीने लावला आहे. ज्यांना आकडे पटत नसतील त्यांनी गुरुजींकडून नळी घेऊन स्वतः मोजून पाहावे, नळी शाळेच्या कपाटात आहे.