धुतलेल्या फिल्मवरील दोषांची परीक्षा

पुष्कळ घरांत जुन्या पेटीच्या तळाशी लग्नकार्यांच्या व शाळेतील समूहचित्रांच्या फिल्मच्या पट्ट्या पडून असतात. मोबाइलच्या आजच्या काळात फिल्म वापरणारे थोडे; तथापि काही हौशी तरुण ती अद्यापि आवडीने वापरतात. पट्टी फिकी अथवा डागाळलेली निघाली, की एक तर ती फेकून दिली जाते, किंवा धुणाऱ्याच्या नावाने बोटे मोडली जातात. हे दोन्ही निर्णय घाईचे होत. दोषाचे मूळ कसे ओळखावे, हे आम्ही कृष्णधवल फिल्मपुरते येथे सांगू इच्छितो.

फिल्म म्हणजे पारदर्शक पट्टीवर दिलेला जिलेटिनचा पातळ थर. त्यात चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म कण असतात. ज्या कणांवर प्रकाश पडला, त्यांची डेव्हलपरमध्ये काळी चांदी बनते; उरलेले क्षार हायपोत विरघळून जातात. हायपोचा हा गुण सर जॉन हर्शेल यांनी १८१९ साली शोधून काढला. तेव्हा बहुतेक दोष कॅमेरा, डेव्हलपर किंवा हायपो यांपैकी एका ठिकाणी उद्भवतात. ते ठिकाण कोणते, हे शोधणे म्हणजेच परीक्षा.

वैद्य प्रथम नाडी पाहतो, तद्वत् आपण प्रथम पट्टीची कड पाहावी. कारखान्यातच तेथे प्रकाशाने नाव व आकडे उमटविलेले असतात आणि ते फिल्म धुतल्यावरच दिसू लागतात. त्यांत छायाचित्रकाराचा हात नसतो. म्हणून ते निःपक्षपाती साक्षीदार होत. चित्र फिके पण आकडे ठळक असतील, तर धुलाई ठीक असून कॅमेऱ्यातच प्रकाश अपुरा पडला. दोन्ही फिकी असतील, तर डेव्हलपर थंड किंवा जुना होता, अथवा वेळ कमी दिला गेला. पट्टी कोरी पण आकडे स्पष्ट असतील, तर फिल्मवर प्रकाश पडलाच नाही. बहुधा ती कॅमेऱ्यात पुढे सरकलीच नसेल. आकडेही नसतील, तर डेव्हलपरने काम केले नाही, किंवा चुकून हायपो आधी ओतला गेला. कडांसह सर्व पट्टी काळीभोर असेल, तर तिला बाहेरचा उजेड लागला असे समजावे.

अपुऱ्या प्रकाशाची अडचण आपल्याच जिल्ह्यातील एका थोर छायाचित्रकारापुढे नित्य उभी असे. सेवाग्राम आश्रमात महात्माजींची छायाचित्रे घेणारे कनू गांधी (१९१७–१९८६) यांना महात्माजींनी तीन अटी घातल्या होत्या : कृत्रिम प्रकाशाचा झोत टाकावयाचा नाही, कोणास मुद्दाम बसवून चित्र घ्यावयाचे नाही, आणि आश्रम खर्च देणार नाही. कुडाच्या झोपडीतील मंद उजेडात काम करणाऱ्याने हे पक्के जाणले पाहिजे, की छायेतील जो तपशील फिल्मवर उमटलाच नाही, तो डेव्हलपरमध्ये कितीही वेळ ठेवला तरी येत नाही.

आमच्या हिंगणघाटास दुसरा शत्रू म्हणजे ऊन. फिल्म धुण्यास सामान्यतः २० अंश सेल्सिअसचे द्रावण सांगितलेले असते; वैशाखात टाकीचे पाणी त्याहून कितीतरी ऊन असते. अशा पाण्यात चित्र वाजवीपेक्षा काळे होते, जिलेटिन मऊ पडते व कडांशी सुटू लागते. उन्ह द्रावणातून फिल्म एकदम थंड पाण्यात टाकल्यास थरावर जाळीसारख्या सुरकुत्या पडतात. यासाठी भांड्याभोवती बर्फ ठेवून सर्व द्रावणे एकाच उष्णतामानाची करावी.

मात्र प्रत्येक दोष उष्णतेच्या माथी मारू नये. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर रॉबर्ट कापा यांनी घेतलेली थोडीच चित्रे हाती लागली. बाकीची फिल्म लंडनमध्ये सुकविण्याच्या कपाटात एका पोरसवदा मदतनिसाच्या चुकीने वितळली, ही कथा कित्येक दशके सांगितली गेली. २०१४ पासून काही अभ्यासकांनी फिल्मचीच छाननी करून आक्षेप घेतला, की अशा कपाटात थर त्या रीतीने वितळत नाही. मुळात तेवढीच चित्रे घेतली गेली असावीत. त्या मुलाने तो बोल उगाच वाहिला असेल, तर केवढा अन्याय!

काही दोष सुधारतात. पट्टी दुधाळ दिसल्यास हायपो अपुरा पडला असे जाणून ती पुन्हा हायपोत ठेवावी व भरपूर धुवावी. जड पाण्याचे पांढरे डाग पुन्हा धुतल्याने बहुधा जातात. शेवटचे पाणी ऊर्ध्वपातित असावे. वाटोळे पारदर्शक ठिपके हे डेव्हलपरमधील हवेच्या बुडबुड्यांचे होत. ते मात्र जात नाहीत. बुरशी लागलेल्या पट्टीस पाणी लावू नये, कारण तिचे जिलेटिन विरघळू शकते. पेटीतून आंबट, व्हिनेगरसारखा वास आल्यास पट्टीच कुजू लागली आहे. ती इतरांपासून वेगळी करून चित्रांची नक्कल तत्काळ करवून घ्यावी.

विद्यार्थिमित्रहो, दोष देणे सोपे, दोष शोधणे कष्टाचे. पालकांसह एखाद्या सुटीच्या दिवशी ती जुनी पेटी उघडा, पट्टी उजेडासमोर धरा आणि आधी कड वाचा. कदाचित आजोबांचा जो चेहरा गेला असे घरात सर्व समजतात, तो केवळ पुन्हा हायपोत ठेवण्याची वाट पाहत असेल.