हिवाळ्यातील दुचाकी प्रवास आणि उष्ण वस्त्रे : एक वैद्यकीय विचार

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या आपल्या पांढुर्णा-सौसर परिसरात अंबिया बहाराची संत्री आणि कापूस यांचा हंगाम थंडीतच येतो. मंडी, शाळा किंवा रेल्वेगाडी गाठण्यासाठी भल्या पहाटे दुचाकीने निघणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या दृष्टीने थंडी हा सुरक्षिततेचाही प्रश्न ठरतो.

शरीराभोवती उबदार हवेचा पातळ थर असतो; वारा तो सतत दूर लोटतो. २००१ साली कॅनडा व अमेरिकेने स्वीकारलेल्या सूत्रानुसार तापमान १० अंश सेल्सिअस असताना ताशी ५० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यात उघड्या चेहऱ्यास सुमारे साडेपाच अंशांचा गारवा जाणवतो. थंडीत हातापायांच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, बोटे बधिर होतात आणि ब्रेक दाबण्यास विलंब होतो. दमा व हृदयविकार असलेल्यांना गार हवा अधिक बाधते. मद्याने ऊब येते हा केवळ भास होय. त्वचेतील रक्तवाहिन्या प्रसरण पावून शरीराची उष्णता उलट लवकर जाते.

पहिला उपाय वारा अडविण्याचा. लोकरी स्वेटरवर रेनकोट चढवावा. छातीशी वर्तमानपत्राची घडी ठेवण्याची जुनी युक्तीही शास्त्राला धरूनच आहे. मफलरची टोके आत खोचावीत, हेल्मेटची काच खाली ठेवावी.

आता विजेवर तापणारी जॅकेटे व हातमोजे मिळतात. आतील बारीक तारांतून वीज वाहिली की उष्णता निर्माण होते. काही वस्त्रे गाडीच्या १२ व्होल्ट बॅटरीवर, तर काही स्वतःच्या लिथियम बॅटरीवर चालतात. लहान गाड्यांची वीजनिर्मिती मर्यादित असल्याने त्यांवर जॅकेटचा भार टाकण्यापेक्षा स्वतंत्र बॅटरीचे हातमोजे सोयीचे.

मात्र येथे एक धोका संभवतो. ४४ अंशांची उष्णता सुमारे सहा तास त्वचेस लागून राहिल्यास त्वचा भाजते, हे मॉरिट्झ व हेन्रिक्स यांनी १९४७ साली दाखविले. मधुमेहामुळे संवेदना मंदावलेल्या रुग्णास तर चटका बसल्याचे कळतच नाही. अशांनी ही साधने शक्यतो टाळावीत. वापरलीच तर सर्वांत कमी पातळीवर, आत पातळ सुती मोजा घालून, आणि उतरताच त्वचा डोळ्यांनी तपासावी. बधिर हात सायलेन्सरवर वा शेकोटीवर धरू नयेत. ते काखेत किंवा कोमट पाण्यात ऊबवावेत.

हिवाळ्यात मधुमेही रुग्ण तपासताना ‘आपण पहाटे गाडी चालवता का?’ एवढे आपण वैद्यकांनी विचारले, तरी एखादी जखम टळू शकेल.