मुक्काम जंगलाबाहेरच

प्रश्न : डिसेंबरमध्ये वासोट्यावर किंवा चांदोलीत तंबू ठोकून राहायचे आहे. तयारी कशी करावी?

उत्तर : दोन्ही ठिकाणे २०१० मध्ये घोषित झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतात. तिथे रात्री तंबू टाकता येत नाही. वासोट्यासाठी मुक्काम बामणोली किंवा तापोळ्याला करा. बामणोलीत वनविभागाची परवानगी घ्या, ओळखपत्र जवळ ठेवा. सकाळी लवकर लाँचने शिवसागर जलाशय ओलांडा आणि संध्याकाळपूर्वी परता. चांदोलीसाठी शिराळा तालुक्यातल्या मणदूरमार्गे जा. प्रवेशाची चौकशी आधीच करा. पाणी, उबदार कपडे, विजेरी हवीच. जंगलात चूल पेटवू नका. वाळल्या गवतात एक ठिणगीही वणवा लावते. कचरा परत आणा. हे रान गवे, अस्वले, बिबटे यांचे घर आहे, पाहुण्यासारखे वागा.