बंदुकीचा चिरलेला दस्ता सुताराकडून बदलून घेता येईल का?

प्रश्न : सौंसर तालुक्यात आमची संत्र्याची बाग आहे. वडिलांच्या नावावर (वय ७४) बारा बोअरची जुनी बेल्जियम बनावटीची ब्राउनिंग आहे. पाच काडतुसांची, एक उडालं की पुढचं आपोआप चढतं. परवाना छिंदवाड्याहून मिळालेला, तीसेक वर्षांपूर्वीचा. यंदा तिचा लाकडी दस्ता मानेपाशी चिरला. गावातला सुतार सागवानाचा नवा दस्ता करून द्यायला तयार आहे. नागपूरचा मित्र म्हणतो, परदेशातून दुमडता येणारा प्लॅस्टिकचा मागव. वडिलांना प्रवास झेपत नाही आणि माझ्या नावावर परवाना नाही. बागेत रानडुकरांचा त्रास वाढलाय, म्हणून घाई आहे. काय करावं? (एक वाचक, सौंसर)

उत्तर : दस्ता बदलता येतो, पण गावच्या सुताराकडून नाही. तो कितीही हुशार आणि ओळखीचा असला तरी नाही.

आर्म्स ॲक्ट, १९५९ च्या कलम ५ नुसार बंदूक बनवणं आणि विकणं यांच्याच ओळीत ‘दुरुस्त करणं’ हा शब्द आहे. दुरुस्तीसाठी बंदूक जवळ ठेवायलासुद्धा वेगळा परवाना लागतो. ‘लाकूडच तर आहे, त्याला कसला कायदा’ असं पुष्कळ जण म्हणतात. मात्र कलम २ मधल्या ‘अग्निशस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत शस्त्राचे भागही येतात, त्यामुळे या युक्तिवादावर कुणी विसंबू नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ५ मोडणाऱ्याला किमान सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप अशी शिक्षा आहे. ज्याला बंदूक बाळगण्याचा अधिकार नाही त्याच्या हाती ती सोपवली म्हणून कलम २९ खाली वडीलही अडचणीत येऊ शकतात. चार पैसे वाचवायला एका गरीब कारागिराला या फेऱ्यात ढकलू नका, ही माझी कळकळीची विनंती.

शिवाय तुमच्या बंदुकीत हे काम सुताराच्या आवाक्यातलं नाही. जॉन ब्राउनिंगने या ‘ऑटो-५’ जातीचं पेटंट १९०० साली घेतलं आणि बेल्जियमच्या एफएन कारखान्यात ती वर्षानुवर्षं बनत राहिली. साध्या दुनाळीचा दस्ता म्हणजे निव्वळ आधार. हिच्या दस्त्याच्या पोटात एक नळी असते आणि त्या नळीत बोल्ट पुढे ढकलणारी स्प्रिंग बसते. लाकडाचं भोक जरा तिरकं पडलं किंवा नळीला घासलं, की यंत्रणा अडखळते. सागवान टिकाऊ खरं, पण अशा दस्त्यांना परंपरेने अक्रोड वापरतात. मानेतून लाकडाची रेषा लांबीच्या दिशेने सरळ गेली नसेल, तर नवा दस्ताही चार बारांत तिथेच फुटेल.

दस्ता का चिरला, हेही तपासून घ्या. या बंदुकीत पुढच्या लाकडाखाली, काडतुसांच्या नळीभोवती घर्षणाच्या कड्या असतात. हलक्या आणि भारी काडतुसांसाठी त्या वेगळ्या क्रमाने लावाव्या लागतात. क्रम चुकला की मागचा धक्का आवरला जात नाही आणि तो सगळा लाकडावर येतो. दुसरं कारण तेलाचं. वर्षानुवर्षं बंदूक नळी वर करून कोपऱ्यात उभी ठेवली, तर यंत्रातलं तेल उतरून दस्त्याच्या तोंडाशी मुरतं आणि लाकूड मऊ पडतं. परवानाधारक दुरुस्तीवाल्याला ही दोन्ही कारणं आवर्जून विचारा.

दुमडता दस्ता डोक्यातून काढून टाका. परदेशातून शस्त्राचे भाग मागवायला कलम १० प्रमाणे आयातीचा परवाना लागतो. नळी आखूड करणं किंवा बंदूक एका वर्गातून दुसऱ्या वर्गात नेणं यावर परवान्याशिवाय कलम ६ ची बंदी आहे. त्यात अर्धस्वयंचलित बंदुकीकडे यंत्रणा मुळातच जास्त कडक नजरेने पाहते. जसा होता तसाच, त्याच मापाचा दस्ता बसवा. यंत्राच्या भागावर आणि नळीवर कोरलेल्या क्रमांकांना काहीही होऊ देऊ नका.

आता बंदूक न्यायची कशी? तुमच्यासाठी कायद्याने इथे एक दार उघडं ठेवलंय. कलम ३ च्या परंतुकानुसार परवानाधारकाच्या समोर किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर, परवाना नसलेला माणूसही दुरुस्तीसाठी बंदूक नेऊ शकतो. वडिलांच्या सहीचं पत्र घ्या. त्यात परवान्याचा क्रमांक, यूआयएन (परवानाधारकाचा विशिष्ट ओळख क्रमांक), बंदुकीचा क्रमांक, दुरुस्ती करणाऱ्या दुकानाचं नाव आणि त्याचा परवाना, जाण्या-येण्याच्या तारखा हे सगळं असू द्या. मूळ परवाना सोबत ठेवा. बंदूक रिकामी आणि पूर्ण झाकलेली असावी. काडतुसं घरीच ठेवा. दुकानदाराकडून बंदुकीच्या क्रमांकासह पावती घेतल्याशिवाय तिथून निघू नका.

आपल्याकडे एक अडचण मात्र हमखास येते. सौंसर-पांढुर्ण्याच्या माणसाला दवाखाना, बाजार, लग्नाचा बस्ता, सगळ्यालाच नागपूर जवळचं वाटतं. पण नागपूर महाराष्ट्रात आहे. परवान्यावरचा वैधतेच्या क्षेत्राचा रकाना वाचा. तिथे फक्त मध्य प्रदेश लिहिलं असेल, तर सीमा ओलांडताच वडिलांचं पत्र तुम्हाला वाचवणार नाही. अशा वेळी राज्यातलाच परवानाधारक दुरुस्तीवाला शोधा, नाहीतर आधी कलेक्टर कचेरीतून लेखी परवानगी घ्या. ऑक्टोबर २०२३ पासून पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला असून सौंसर तहसील त्यात आहे. म्हणून परवाना छिंदवाड्याचा असला तरी अर्ज पांढुर्ण्याच्या कचेरीत करा. कारभार हिंदीतून चालतो, अर्जही हिंदीतच द्या. परवान्याचं रेकॉर्ड छिंदवाड्याहून इकडे आलंय का, हे त्याच भेटीत विचारून घ्या. नूतनीकरणाच्या वेळी धावपळ वाचेल.

रानडुकरांबद्दल थोडक्यात सांगतो. बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारायची परवानगी नव्हे. वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर आणि रोही दोन्ही अनुसूची दोनमध्ये आहेत. पिकाच्या नुकसानीसाठी त्यांना मारायचं असेल तर कलम ११ खाली अधिकृत अधिकाऱ्याची परवानगी लागते. तेव्हा दस्त्यासाठी घाई करण्याचं कारण नाही.

शेवटचा मुद्दा तुम्ही विचारलेला नाही, पण मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आर्म्स रूल्स, २०१६ च्या नियम २५ प्रमाणे परवानाधारकाने वयाची सत्तरी गाठली किंवा बंदूक पंचवीस वर्षं बाळगली, तर तो हयातीतच आपल्या वारसाचं नाव सुचवू शकतो आणि त्या वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. तुमचे वडील दोन्ही अटींत बसतात. त्यांच्या पश्चात वारसांची संमती, मृत्यूचा दाखला, मधल्या काळात बंदूक ठाण्यात जमा करणं, असा सगळा व्याप तुमच्यामागे लागेल. वडील स्वतः सही करू शकतात तोवरच, दुरुस्तीच्या अर्जासोबत हाही अर्ज कचेरीत देऊन टाका आणि दोन्हींची पोच घ्या.